निफाडच्या दादांना उत्तर: द्राक्षं गेल्यावर भरवसा कसला?

दादा, तुमची कमेंट वाचली आणि खरं सांगू, बरं वाटलं, कारण खाली नुसतं 'आमेन ताई' लिहून जाणारेच जास्त असतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गारपिटीत भावाची बाग गेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, आणि मी नाशकात शरणपूर रोडला पंख्याखाली बसून 'आकाशातल्या पाखरांकडे पाहा, चिंता करू नका' लिहिते, हा पळपुटेपणा आहे, आणि याच नादात लोक डॉक्टरच्या गोळ्या पण सोडतात.

आधी पाखरांचं बोलू. तुमच्याकडे बागेला जाळी लावतात ती पाखरांसाठीच, तेव्हा त्यांचं कौतुक तुम्हाला कुठून असणार :) पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात देव पाखरांना खाऊ घालतो म्हणणारा येशूच दहाव्या अध्यायात म्हणतो की दमडीला दोन चिमण्या विकतात आणि त्यातली एकही पित्यावाचून जमिनीवर पडत नाही. म्हणजे चिमणी पडते! पडणारच नाही असं तो कुठेच म्हणत नाही, पडते तेव्हा बाप तिथे असतो एवढंच म्हणतो. आणि हे ऐकणारे कोण होते, तर येशूच्या गालील प्रांतातले कोळी, शेतकरी, रोजंदारीवर जाणारे, दिवसाला एक दिनार मजुरी आणि वर कराचं ओझं. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही प्रार्थना त्याच सहाव्या अध्यायात आहे. वर्षभराचं कोठार भरून दे असं तिच्यात नाहीये, कारण त्यांना आजचीच पंचाईत होती.

येशूचा प्रेषित पौल, त्याचं पण बघा. 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे त्याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलं ते कैदेत असताना, आणि लोक ते वचन फ्रेम करून भिंतीवर लावतात पण त्याच पत्राचा दुसरा अध्याय कोणी लावत नाही, जिथे तो सांगतो की त्याचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला, त्याला तुमच्याकडे पाठवतो म्हणजे माझं दुःख तरी कमी होईल. म्हणजे या माणसालाही काळजी होती, ती तो लपवत नाही, आणि त्यावर जे करता येईल ते करतो.

द्राक्षांचंच वचन हवं तर बायबलमधला संदेष्टा हबक्कूक घ्या. द्राक्षीला फळ न आलं, शेतात धान्य न पिकलं, गोठ्यात गुरं न उरली तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पण हे तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येतं. पहिल्या अध्यायात तो देवाशी सरळ भांडतो, किती वेळ ओरडू, तू ऐकतच नाहीस म्हणून, आणि उत्तर येतं ते आणखी कडू, की खास्दी, म्हणजे बाबेलचं सैन्य, चाल करून येताहेत. शिवाय तो 'मी' म्हणतो. बाग गेलेल्या शेजाऱ्याला 'आनंद कर' असं तो सांगत नाही, आणि तुमच्या भावाला कोणी तसं सांगत असेल तर माझ्यातर्फे पण दोन शब्द ऐकवा.

गोळ्यांचं म्हणाल तर मी असं कधीच लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने प्रवचन नाही दिलं, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. भावाची झोप उडाली असेल, भलतंसलतं बोलत असेल तर आजच डॉक्टरकडे न्या, नाहीतर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मग भरवशाने होतं काय, हा तुमचा खरा प्रश्न. कर्ज एक रुपयाने कमी होत नाही. माझ्यापुरतं सांगते, रात्री हप्त्यांचं गणित डोक्यात फिरायला लागलं की मी ते देवाला मोठ्याने सांगते, चिडले असेन तर चिडूनच, आणि मग तेच गणित सकाळपर्यंत एकटीने घोकत बसायची सक्ती राहत नाही, बँकेत जायला अंगात थोडा जीव उरतो. तुम्ही याला मनाची समजूत म्हणाल, म्हणा, माझी हरकत नाही.

पंचनामा झाला का, विम्याचं काय झालं तेही कळवा. आणि भावाला एकदा विचारून घ्या, रविवारी चर्चमध्ये त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली तर चालेल का? नको म्हणाले तर नाव न घेता करू.