एमजीबीचा रेडिएटर: एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या एमजीबीबद्दल, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दल, रिव्ह्यू सविस्तर लिहिलात हे बरं झालं, मुद्द्याला धरून बोलता येईल. तुमचं म्हणणं असं: रेडिएटर काढून बसवणं दोन तासांचं काम, त्यासाठी आम्ही गाडी आठवडाभर अडकवली, नवा रेडिएटर न टाकता जुनाच झाळून दिला, ऑइल कूलरच्या (इंजिनचं तेल थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपचे पैसे वर लावले, आणि एवढं होऊनही कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलं की तापमानाचा काटा वर जातो, घरी पार्किंगमध्ये कूलंट सांडतं.

दोन तासांचं काम हे खरंच आहे, बोल्ट धड असतील तर. पाणी सोडायचं, वरचा-खालचा होज (रबरी नळी) काढायचा, वरचे आधार सुटे करायचे, रेडिएटर ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा बॉडीपासून सोडवायचा आणि पंख्याची पाती कोअरला, म्हणजे रेडिएटरच्या मधल्या नळ्यांच्या जाळीला, लागू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवून सरळ वर उचलायचा. तुमची १९६६ ची गाडी बोल्टांपाशी अडली. या गाडीचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे, पानेही इंची लागतात. पूर्वी कुणीतरी अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ मिलिमीटरचा पाना चालवला होता. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक किरकोळ वाटतो, पण गंजलेल्या बोल्टाचे कोपरे गोल व्हायला तेवढा पुरतो. त्यात बॉडीकडचे नट पत्र्यालाच पक्के असतात. ते सुटून जागेवर फिरायला लागले की मागून पाना घालायला वाव नाही, पत्रा कापायची वेळ येते. म्हणून गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत काढायचा, मग आटे साफ करायला त्यांतून टॅप फिरवायचा. इथे घाई करणारा माणूस आम्ही या गाडीला हात लावू देत नाही.

ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्याचे रबरी पाइप त्याच पत्र्याच्या भोकांतून जातात. पत्रा बाहेर काढायचा तर पाइप सोडवणं आलंच. सोडवताना दोन पाने लागतात, एक नटावर आणि दुसरा कूलरच्या तोंडावर; एकाच पान्याने जोर लावला तर तोंडच पिळवटून निघतं. तुमच्या गाडीत भोकांतली रबरी कडी गायब होती आणि पत्र्याच्या धारेने पाइप आतल्या जाळीपर्यंत खाल्ला होता. इंजिनचं तेल दाबाखाली त्यातूनच फिरतं. तो घाटात फुटला असता तर रेडिएटरचा विषयच उरला नसता. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, तुमचा होकार आल्यावरच पाइप बदलले.

आता ‘जुनाच झाळून दिला’ याबद्दल. जुन्या आहेत त्या फक्त वरची-खालची पितळी टाकी आणि बाजूच्या पट्ट्या. मधली कोअर पूर्ण नवी आहे, तांब्या-पितळेची. टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या मूळच्या ठेवल्या की भोकं तंतोतंत जुळतात आणि पंख्यापासूनचं अंतर बदलत नाही. बाहेरून आणलेल्या तयार रेडिएटरमध्ये पट्ट्या ओढूनताणून बसवाव्या लागल्याचं आम्ही बरंच पाहिलंय. जुन्या कोअरच्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दगडासारखा बसला होता आणि फिन (नळ्यांमधली पातळ पत्री) अंगठ्याने दाबली की भुगा होत होती. सळ्या घालून साफ करण्यापलीकडे ती गेली होती. ती आम्ही टाकलेली नाही. अंबडला आमच्या वर्कशॉपमध्ये आलात तर कापून दाखवतो.

काट्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण यात रेडिएटरचा दोष नाही. घाट चढून आल्यावर इंजिन बंद केलं की पंपही थांबतो. पाणी जागच्या जागी राहतं, हेड आणि ब्लॉकच्या लोखंडातली उष्णता त्यात उतरते आणि काटा काही मिनिटं चढतो, मग खाली येतो. चालत्या गाडीत चढत असेल तर काळजी. नाशिकच्या उंचीवर, साधारण ६०० मीटरवर, उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ७ पौंडाच्या, म्हणजे चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणाऱ्या, झाकणाखाली तेच ११० च्या आसपास. थांबल्यावर मिनिटभर इंजिन आयडलवर चालू ठेवा आणि मग बंद करा, फरक दिसेल. थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकायला तुम्ही सांगितलं होतं, ते आम्ही केलं नाही. ८२ अंशांचा काढून ७४ अंशांचा घातलाय. त्याने घाटातलं कमाल तापमान कमी होत नाही, तो फक्त लवकर उघडतो. पण थर्मोस्टॅटच नसेल तर इंजिन थंडच चालत राहतं आणि पेट्रोल तेलात उतरतं.

इलेक्ट्रिक पंखा आधीच्या कुणीतरी उलटा जोडला होता. १९६७ च्या अखेरपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. नेहमीच्या सवयीने काळी वायर बॉडीला दिली की मोटर उलटी फिरते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला परत ढकलते. वायरिंग आम्ही बदललं, बिलात धरलेलं नाही. पंखा चालू असताना ग्रिलपुढे वर्तमानपत्राचा कागद धरून बघा, तो ग्रिलला चिकटला पाहिजे. उद्या दुसरीकडे कुणी वायरिंगला हात घातला तर हे आधी सांगा.

राहिलं सांडणारं कूलंट. रेडिएटर झाकणापर्यंत भरलेला असतो, असं तुमच्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलं. या गाडीला एक्स्पान्शन टाकी, म्हणजे फुगलेलं पाणी साठवणारी वेगळी टाकी, नाही. पाणी तापून फुगलं की जास्तीचं ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर येतं, तीच तिची रीत. थंड इंजिनावर पातळी तोंडाच्या इंचभर खाली हवी. रोज काठोकाठ भरलं तर रोज सांडणार, आणि दर वेळी नळाचं पाणी घातलं तर एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी हे आम्ही भरलेलं मिश्रण पातळ होत जाणार आणि नव्या कोअरमध्ये पुन्हा क्षार बसणार. झाकणही बघून घ्या: दुकानात सर्रास मिळणारं १३ पौंडाचं घेऊ नका, आणि तोंडाची खोली जुळली नाही तर ७ पौंडाचंही दाब धरत नाही.

चार-पाच दिवस काहीही न भरता गाडी चालवा. पातळी इंचभराखालीही उतरत राहिली तर सकाळी, इंजिन थंड असताना आणा. दाब देऊन होज, पंप आणि हेड गॅस्केट तपासू. कोअरची झाळ सुटलेली निघाली तर एक रुपया घेणार नाही.