‘बायकांना फुकट, बापाला भुर्दंड’: त्या मेसेजमधलं खरं किती?

कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना सुरू झाली तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दर वेळी चार शब्द इकडे-तिकडे होतात, आशय तोच. सरकारनं बायकांना बस फुकट केली आणि वसुली पुरुषांच्या तिकिटातून चालवली. गरीब बापाला प्रवासात एका पैशाची सवलत नाही. आपण सीमेच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्रात असतो तर निम्म्या तिकिटात फिरलो असतो. त्यापेक्षा मोटरसायकल घ्या, बस परवडत नाही. आजारी पोराला दवाखान्यात न्यायचं तरी गाडी भाड्यानंच करावी लागते. शेवटी ‘बापाचा विचार कोण करणार?’ असा सवाल आणि जोडलेले हात.

यामागची अडचण खोटी नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून जाणाऱ्या, वडगावात मागावर बसणाऱ्या किंवा सेंट्रिंगच्या कामाला रोज वेगळ्या गावी जाणाऱ्या माणसाच्या हजेरीतला, म्हणजे रोजच्या मजुरीतला, बराच पैसा जाण्यायेण्यातच जातो. पण मेसेजनं त्याचं खापर भलत्याच ठिकाणी फोडलंय, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘बायकांच्या फुकट तिकिटाची वसुली पुरुषांकडून’

शक्ती योजना 11 जून 2023 रोजी सुरू झाली. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना आणि तृतीयपंथीयांना राज्यातल्या राज्यात साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसमधून मोफत प्रवास, अशी ही योजना. स्लीपर, एसी, राजहंस या गाड्या त्यात येत नाहीत. कंडक्टर बाईला शून्य रुपयांचं तिकीट देतो. ते तिकीट दाखवण्यापुरतं नसतं, त्याचा हिशेब राहतो आणि त्या प्रवासाचे पैसे राज्य सरकारनं बस महामंडळाला द्यायचे असतात. म्हणजे हा पैसा येतो सरकारी तिजोरीतून, आणि तिजोरी बाई काडेपेटी घेते तेव्हाही भरते, बाप डिझेल घेतो तेव्हाही.

तरी तिकीट वाढलं हे खरंच. कर्नाटकात 5 जानेवारी 2025 पासून भाडं 15 टक्क्यांनी वाढलं आणि ते फक्त पैसे मोजून जाणाऱ्याला, म्हणजे बहुतेक पुरुषांनाच जाणवलं. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन्ही विभाग ज्याच्याकडे आहेत त्या वायव्य कर्नाटक महामंडळाच्या गाड्यांनाही ती वाढ लागली. पण मेसेज लिहिणाऱ्यानं दोन गोष्टी गाळल्या. एक, त्याआधीची वाढ फेब्रुवारी 2020 मधली. मधली पाच वर्षं डिझेल, टायर, पगार सगळं वर गेलं आणि तिकीट तिथंच राहिलं. असं तुंबलेलं भाडं एका दिवशी वाढतं तेव्हा ते डोळ्यात भरतं. दोन, त्याच महिन्यात, 25 जानेवारी 2025 पासून, महाराष्ट्राच्या एसटीनंही 14.95 टक्के भाडं वाढवलं. तिथं शक्ती योजना नव्हती. नाक्याच्या दोन्ही अंगाला तीन आठवड्यांच्या अंतरानं जवळजवळ सारखीच वाढ झाली असेल, तर तिचं कारण फक्त कर्नाटकातल्या बायकांत शोधण्यात काय अर्थ?

शक्तीचा महामंडळावर ताणच पडला नाही, असं मी म्हणणार नाही. सरकारकडून येणारे पैसे रखडले की नवी गाडी येत नाही, जुनीच चालते, आणि चालक-वाहकांची थकबाकी तशीच राहते. 5 ऑगस्ट 2025 च्या संपात थकबाकीची मागणीही होती. याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे. मात्र तो शेजारच्या सीटवर डबा घेऊन बसलेल्या बाईला विचारून काय उपयोग? ती भाजी विकून किंवा धुणीभांडी करून परत निघालेली असते, आणि तिचे वाचलेले पैसे ज्या घरात जातात तिथं बहुधा एक बापही जेवतो. मेसेजमध्ये नवरा-बायकोचे खिसे दोन वेगळ्या राज्यांत असल्यासारखे मोजलेत.

जुलै 2025 मध्ये या योजनेतल्या फेऱ्यांनी 500 कोटींचा आकडा ओलांडला. एवढी गर्दी वाढली आणि गाड्या त्या मानानं वाढल्या नाहीत, तर उभं राहून जावं लागणारच. यावर नियम आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही: योजना सुरू करताना साध्या बसमधल्या 50 टक्के जागा पुरुषांसाठी ठेवायचा आदेश निघाला होता. तो पाळला जातो का, हे सकाळी आठची खानापूर गाडी पाहिलेल्याला सांगायला नको.

‘पुरुषाला एका पैशाची सवलत नाही’

हा दावा सरळ चुकीचा आहे, आणि नुकसानही याच्यानंच होतं. ज्याला हक्काचं काही मिळू शकतं तोसुद्धा हा मेसेज वाचून चौकशी करायचं सोडतो.

रोज एकाच वाटेनं जाणाऱ्यासाठी बसचा मासिक पास असतो आणि तो रोजच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो. तरीही कित्येक कामगार रोज तिकीटच काढतात, कारण पाससाठी महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे लागतात आणि हजेरीवरच्या माणसाकडे ते पहिल्या तारखेला नसतात. सवलत आहे, ती घ्यायला आधी हातात पैसा लागतो. खरं दुखणं हे आहे आणि मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही. कारखानदारानं पगारातून हप्त्यानं कापून घेण्याच्या बोलीवर पासचे पैसे आधी दिले तरी बरंच काम होईल. त्याला सरकारी आदेश लागत नाही.

साठी ओलांडलेल्या कर्नाटकवासी पुरुषाला तिकिटात 25 टक्के सूट आहे. दिव्यांगांना वर्षाला 660 रुपयांत घरापासून 100 किलोमीटरपर्यंतचा पास मिळतो, अंधांना प्रवास मोफत. सहा वर्षांखालच्या पोराचं तिकीट नाही, सहा ते बारापर्यंत अर्धं. मुलगी असेल तर शक्तीमुळे तेही नाही. शाळा-कॉलेजच्या मुलाला सवलतीचा विद्यार्थी पास आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला तर तो नाममात्र पैशांत. मुलाच्या शिक्षणाचा प्रवास बापाच्याच डोक्यावर असतो, तेव्हा ही सवलत बापाचीच धरली पाहिजे.

आता गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले. बांधकामावर मालकाकडून उपकर घेतला जातो आणि तो बांधकाम कामगार कल्याण मंडळात जमा होतो. ही पद्धत 1996 च्या केंद्राच्या कायद्यानं सुरू झाली. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढ्यावर नोंदणी होते. 2022 मध्ये याच मंडळाच्या पैशातून नोंदणीकृत कामगारांसाठी सरकारी बसच्या मोफत पासची योजना निघाली होती. त्याचा उपयोग बहुतेक पुरुषांनाच होणार, हे उघड आहे. पण नोंदणीच नसलेल्याला मंडळाच्या कुठल्याच योजनेत हात घालता येत नाही. आपल्याकडे ‘ठेकेदार बघून घेईल’ म्हणत दहा-दहा वर्षं बिनकार्डाचे काम करणारे गवंडी काही कमी नाहीत.

रेल्वेचं तर कुणी नावच काढत नाही. मिरज-लोंढा मार्गावर घटप्रभा, पाच्छापूर, सुलेभावी, सांबरे, बेळगाव, देसूर, खानापूर, गुंजी अशी स्टेशनं आहेत. कोविडनंतर पॅसेंजरलाही एक्स्प्रेसचं भाडं लावलं होतं आणि कमीत कमी तिकीट 30 रुपये झालं होतं. 2024 च्या सुरुवातीला ते पुन्हा 10 रुपयांवर आलं. मासिक पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या पैशात महिनाभर चालतो. 2014 मध्ये तो तीस फेऱ्यांवर न्यायचा घाट घातला गेला आणि चार दिवसांत मागे घ्यावा लागला. 1 जुलै 2025 च्या भाडेवाढीतही पासाला हात लावला नाही. स्टेशनजवळ घर आणि वेळ जुळणारं काम, असं दोन्ही ज्याला साधलंय त्याला यापेक्षा स्वस्त काही नाही.

गरिबासाठी म्हणून मुद्दाम काढलेला एक पासही रेल्वेकडे होता. 2009 मध्ये ‘इज्जत’ नावानं तो आला: महिन्याला 25 रुपये, 100 किलोमीटरपर्यंत. अट मासिक उत्पन्न 1500 रुपयांपेक्षा जास्त नसावं अशी. दिवसाला 50 रुपये! आज बिगारीसुद्धा एवढ्यावर कामाला येत नाही. मेसेज लिहायचाच होता तर यावर लिहायचा होता.

‘महाराष्ट्रात असतो तर निम्मं तिकीट’

कुणाचं निम्मं? 17 मार्च 2023 पासून एसटीत 50 टक्के सवलत आहे ती महिलांना. पुरुषाला ती 65 व्या वर्षी मिळते, आणि 75 नंतर प्रवास मोफत. चाळिशीतला, दोन पोरांचा बाप महाराष्ट्रातल्या चंदगडात राहिला काय आणि कर्नाटकातल्या उचगावात राहिला काय, पूर्ण तिकीट काढतो. साठ ते पासष्टच्या मधल्याला तर कर्नाटकच बरं.

सीमेचा खरा फटका वेगळाच आहे. सीमेपलीकडच्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत बेळगावकडून रोज माणसं जातात, निपाणीकडची कागल-कोल्हापूरला जातात. कर्नाटकच्या आंतरराज्य गाडीला शक्ती लागू नाही, त्यामुळे कोगनोळी नाक्यापलीकडे मजुरीला जाणाऱ्या जोडप्याची त्या गाडीत दोन्ही तिकिटं पूर्ण. आणि वर्षा-दोन वर्षांनी सीमेवरून काही पेटलं की गाड्या बंद. डिसेंबर 2022 मध्ये झालं, फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा झालं. भाषणं करणारे त्या दिवशी स्वतःच्या गाडीनं घरी जातात. हजेरीवाला नाक्यापर्यंत एका वडापानं (खासगी प्रवासी जीपनं) आणि पुढं चालत किंवा दुसऱ्या वडापानं जातो, दुप्पट पैसे मोजून. यात दोन्ही राज्यांची सरकारं सारखीच जबाबदार आहेत.

‘बस परवडत नाही, मोटरसायकल घ्या’

पेट्रोल शंभराच्या वर आहे. खानापूर परिसरातून उद्यमबागेला रोजचे येऊन-जाऊन 50 किलोमीटर धरले आणि गाडी लिटरला 50 देते असं मानलं, तर पंचवीस दिवसांच्या महिन्याला अडीच हजारांच्या वर नुसतं पेट्रोल. हप्ता, विमा, टायर, पावसाळ्यात खड्ड्यांनी खाल्लेलं शॉकअप हे वेगळं. मासिक पासापुढे हा हिशेब टिकत नाही.

तरी लोक गाडी घेतात आणि ते वेडे नाहीत. दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा गावाकडे जाणारी शेवटची बस निघून गेलेली असते. वस्तीची गाडी संध्याकाळीच गावात पोहोचते आणि पहाटे निघते. ती कॉलेजच्या पोरांना आणि बाजारकरणींना सोयीची, पाळीवाल्याला नाही. घरी परतायची दुसरी वाट नसते म्हणून माणूस फायनान्सवर मोटरसायकल उचलतो. याला ‘परवडणं’ म्हणणं बरोबर नाही. खानापूरच्या जंगलातल्या आमगाव, गवाळी, कोंगळ्यासारख्या गावांत तर पक्क्या रस्त्याचीच वानवा, तिथं बाईचं फुकट तिकीट आणि बापाचं पूर्ण तिकीट यात काहीच फरक उरत नाही.

‘दवाखान्यालाही भाड्याचीच गाडी’

थोडक्यात सांगतो, कारण माहिती नसल्यामुळं पैसे जातात ते इथंच. 108 ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात आणणं, पुढच्या दवाखान्यात पाठवणं आणि बाळासकट घरी सोडणं, सगळं विनामूल्य आहे. आजारी बाळासाठी ही सोय एक वर्षापर्यंत. बाळंतिणीला घरी न्यायला बाप दवाखान्याच्या दारात खासगी गाडीचा भाव करत उभा राहतो, त्याआधी त्यानं वॉर्डातल्या सिस्टरना किंवा गावच्या आशाताईंना एकदा विचारावं.

मेसेज पुढं ढकलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल तो एक अर्ज, आणि तो मोघम नको. ‘आमच्या गावाला बस वाढवा’ असं लिहिलेले अर्ज फायलीत पडून राहतात. कुठल्या कारखान्याची पाळी किती वाजता सुटते, त्या वेळी आपल्या वाटेवरचे किती कामगार बाहेर पडतात, सध्याची शेवटची गाडी किती वाजताची, ती किती वाजता सोडली तर भरेल, हे लिहायचं. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि जमलं तर कारखान्याच्या व्यवस्थापकाचं पत्र जोडायचं. एक प्रत डेपो मॅनेजरला, एक विभागीय नियंत्रकाला. पोच घ्यायची.