प्राण्यांच्या दवाखान्याचं मानांकन ही नुसती पाटी नव्हे

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: कुत्र्या-मांजरासाठी दवाखाना निवडताना डॉक्टरचं लायसन्स आणि गूगलवरचे तारे बघा, बास. 'आहा' ही प्राण्यांच्या दवाखान्यांची संघटना देते ते मानांकन म्हणजे पैसे भरून लावलेली पाटी, आणि बहुतेक दवाखान्यांकडे ती नसतेच. सल्ला आपुलकीने दिला जातो, पण मुक्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं तेच त्यात राहून जातं.

आधी लायसन्स. राज्याचं मंडळ ते डॉक्टरला देतं, दवाखान्याला नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात जागेलाही परवाना लागतो, पण तो किमान अटींपुरता. माणसांच्या हॉस्पिटलांमुळे आपली समजूत वेगळी झालेली असते. त्यांना मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे हवे असतील तर मानांकन तरी घ्यावं लागतं, नाहीतर सरकारी तपासणीला सामोरं जावं लागतं. प्राण्यांच्या दवाखान्यांवर अशी सक्ती नाही. १९३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनचं, म्हणजेच 'आहा'चं, मानांकन पूर्णपणे ऐच्छिक आहे.

'पैसे भरून मिळतं' हे अर्धसत्य आहे. फी असते, पण निकष सुमारे ९०० आहेत आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी होते. ज्याच्यावर कुणाची सक्ती नाही, तो दवाखाना आपणहून बाहेरच्या माणसाला आत बोलावतो आणि नोंदी, औषधं, ऑपरेशनची खोली उघडून दाखवतो. मला हेच मोलाचं वाटतं.

आता तारे. पाच तारे कशाला मिळतात? रिसेप्शनवरची मुलगी गोड बोलली, वेळेवर आत घेतलं, बिल बरं आलं. यातलं काहीही खोटं नाही, पण हे सगळं बाहेरच्या खोलीतलं. आपल्या मांजरीला भूल दिल्यावर आतल्या खोलीत काय घडतं, ते कुठल्याच पालकाला दिसत नाही. रक्तदाब आणि ऑक्सिजनवर कुणाचं लक्ष आहे? शुद्धीवर येताना शेजारी कोण आहे? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, तर मांजरांत ०.२४ टक्के आढळलं. मांजरांतले निम्म्याहून अधिक मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतरचे होते, म्हणजे 'झालं एकदाचं' म्हणून हात सैल पडण्याच्या वेळेतले. दात साफ करण्याचंही तसंच. पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी हवीच, असा 'आहा'चा दंडक आहे. नळी नसेल तर यंत्राचं पाणी आणि दातांवरची घाण थेट फुप्फुसात जाऊ शकते. स्वस्तात, भुलेशिवाय दात चमकवून देणाऱ्यांचे रिव्ह्यू मात्र छान असतात!

'बहुतेकांकडे नसतंच' हे खरं आहे. अमेरिका आणि कॅनडात जेमतेम १५ टक्के दवाखाने मानांकित आहेत. बाकीचे वाईट, असं मी म्हणणार नाही. उत्तम डॉक्टर तिथेही आहेत. पण तिथे 'आहा'सारखी तपासणी झालेली नसल्यामुळे वरचे प्रश्न आपण स्वतः विचारायला हवेत. भूल कोण देतं, लक्ष कोण ठेवतं, रात्री दवाखान्यात माणूस असतो का? यावर चिडणारा दवाखाना मी तरी टाळेन.

कुत्र्याला भारतात नेणाऱ्यांसाठी आणखी एक. आरोग्य प्रमाणपत्रावर सही करायला अमेरिकी कृषी खात्याची मान्यता असलेला डॉक्टर लागतो. ती मान्यता त्या डॉक्टरला प्रवासाच्या कागदपत्रांसारख्या सरकारी कामांसाठी असते. तिच्यावरून त्या दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या खोलीबद्दल काहीही कळत नाही.