किल्लीमुक्त वाहनमालकांसाठी चार हिताचे शब्द

नवी गाडी घ्यायला गेल्यावर शोरूममधील सेल्समनने ‘आता किल्ली बाळगायची कटकटच नाही, आपला फोन हीच किल्ली’ असे सांगितले, की आपण क्षणाचाही विलंब न लावता मान डोलवावी. खिशात हात घालणे, किल्ली बाहेर काढणे आणि तिचे बटण दाबणे हे काही सुशिक्षित माणसाच्या वाट्याला यावेत असे कष्ट नव्हेत, आणि इतकी वर्षे आपण ते निमूटपणे सोसले याचे आपल्यालाच नवल वाटायला हवे. फोनवर तसाही बँकेचा व्यवहार, आधार, लोकलचा पास, विजेचे बिल आणि सोसायटीच्या फाटकाची परवानगी यांचा भार आहेच. त्यात दीड टनाच्या गाडीची भर पडली तर त्याला फारसे जड जाणार नाही. शिवाय सगळ्या मौल्यवान गोष्टी एकाच ठिकाणी असल्या, की त्या वेगवेगळ्या हरवण्याचा त्रास वाचतो.

ही सोय आता परदेशस्थ नातेवाइकांपुरती राहिलेली नाही. एमजी अ‍ॅस्टरने २०२१ मध्ये ब्लूटूथची डिजिटल किल्ली आपल्याकडे आणली, २०२४ मध्ये ह्युंदाई अल्काझारचे दार फोन टेकवून उघडू लागले, आणि १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाने दुकान थाटल्यापासून तर साठ लाखांच्या आसपास रक्कम मोजूनही नेहमीची किल्ली हाती न पडण्याचा मान मुंबईतच मिळू लागला आहे.

किल्ली नेमकी कोणत्या तंत्रावर चालते हे मात्र विचारू नये. एनएफसी, ब्लूटूथ आणि अल्ट्रा-वाइडबँड या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे काही चिकित्सक लोक सांगत असतात. एनएफसीमध्ये फोन दाराच्या हँडलला जवळजवळ चिकटवावा लागतो. ब्लूटूथमध्ये सिग्नल किती जोरकस आहे यावरून गाडी अंतराचा अंदाज बांधते. आणि अल्ट्रा-वाइडबँडमध्ये रेडिओलहरीला जाऊन यायला किती वेळ लागला हे मोजले जाते. सेकंदाच्या अब्जाव्या भागात ही लहर साधारण तीस सेंटिमीटर जाते, त्यामुळे फोन दाराशी आहे की तिसऱ्या मजल्यावरच्या उशीखाली, हे गाडीला चांगले कळू शकते. मोटार आणि फोन कंपन्यांच्या कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्शियम या संघटनेने २०२१ मध्ये आपल्या मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत हे मोजमाप आणले ते त्यासाठीच. आता, गाडीत हे तंत्र बसवलेले असणे आणि अंतर तपासण्यासाठी ते खरोखर वापरलेले असणे यांतही फरक असतो. चिनी संशोधकांनी २०२४ मध्ये असे तंत्र असलेली टेस्ला मॉडेल ३ जुन्याच युक्तीने उघडून दाखवली, तेव्हा तो फरक दिसून आला. पण असले काही विचारणारे गिऱ्हाईक सेल्समनला आवडत नाही. त्याला फार तर सनरूफबद्दल विचारावे.

त्या जुन्या युक्तीची मात्र आपल्याला ओळख असावी, कारण ती फार सुसंस्कृत आहे. तीत काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही. एक जण आपल्या घराच्या भिंतीपाशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांप्रमाणे दोघे मिळून दोन्हीकडे ‘समोरची मंडळी अगदी दाराशी येऊन थांबली आहेत’ असे कळवत राहतात. गाडी आणि किल्ली यांच्यातील सांकेतिक संभाषण त्यांना कळण्याची गरजच नसते. ते फक्त इकडून तिकडे पोचवायचे असते. कूटलेखन अभेद्यच राहते, गाडी तेवढी जाते. इंग्लंडमधील सोलिहल येथे अशा प्रकारे मिनिटभराच्या आत एक मर्सिडीज नेली गेली, आणि वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१७ मध्ये त्याचे चित्रीकरण जगाला दाखवले. तिथे किल्ली जुन्या धाटणीची, म्हणजे खिशात ठेवायच्या रिमोटची होती. पुढे मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा संस्थेने ब्लूटूथवरून फोनच किल्ली होणाऱ्या टेस्लावरही हाच प्रयोग यशस्वी करून दाखवला. कंपनीचे उत्तर असे होते, की आपोआप उघडणाऱ्या यंत्रणेची ही ज्ञात मर्यादा आहे. ज्ञात आहे हे ऐकून आपण निश्चिंत व्हावे.

या मर्यादेवर उपाय आहे, पण तो ऐकून आपला हिरमोड होण्याचा संभव आहे. गाडीच्या पडद्यावर दर वेळी चार आकडी पिन दाबल्याशिवाय ती हलू नये अशी सोय टेस्लाने २०१८ पासून ठेवलेली आहे. म्हणजे किल्ली काढून बटण दाबण्याचा जाच टाळण्यासाठी एवढा खर्च करायचा, आणि शेवटी एकाऐवजी चार बटणे दाबायची! असला उपाय स्वाभिमानी वाहनमालकाने लावून घेऊ नये. सिग्नल बाहेर पडू नये म्हणून ब्रिटनमधील कित्येक लोक रात्री किल्ल्या पत्र्याच्या डब्यात ठेवू लागले, तेही आपल्याला जमणारे नाही, कारण डब्यात फोन ठेवला की सकाळचा गजर आणि रात्री-अपरात्री येणारा आईचा फोन दोन्ही डब्यातच राहणार.

किल्ली फोनमध्ये गेली की ती अ‍ॅपमध्येही जाते, आणि अ‍ॅपमागे कुठल्याशा खंडातला एक सर्व्हर असतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाचे अ‍ॅप काही तास बंद पडले, तेव्हा दक्षिण कोरियातील सोल येथील एका मालकाने आपल्याला गाडीशी संपर्क साधता येत नाही आणि पडद्यावर ‘५००’ असा त्रुटिक्रमांक दिसतो आहे अशी तक्रार ट्विटरवर केली, आणि साक्षात इलॉन मस्क यांनी ‘तपासतो’ असे उत्तर दिले. किल्ली हरवली म्हणून यापूर्वी कोणत्या कारखानदाराने कोणाची अशी जातीने विचारपूस केली होती? मार्च २०२३ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तर सौजन्याची सीमाच झाली. शाळेतून मुलांना आणायला निघालेल्या एका गृहस्थांच्या अ‍ॅपने शेजारी उभी असलेली, तशीच पांढरी, परंतु दुसऱ्याची टेस्ला उघडून दिली, आणि ते ती घेऊन निघूनही गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये संशोधकांनी अमेरिकेतील किआच्या गाड्यांविषयी जे जाहीर केले ते त्याहून सोपे होते. गाडीची नंबरप्लेट तेवढी ठाऊक असली, की कंपनीच्या ऑनलाइन यंत्रणेतील त्रुटींचा आधार घेऊन साधारण अर्ध्या मिनिटात गाडी कुठे आहे ते पाहता येत होते, ती उघडता येत होती आणि सुरूही करता येत होती. कंपनीने दोष दुरुस्त केल्यावरच संशोधकांनी तोंड उघडले, ही त्यांची सभ्यता. (आपल्याकडे त्यानंतरचे वर्षभर सारा महाराष्ट्र जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याच्या धावपळीत आणि त्या पाट्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढण्याच्या आनंदात होता. पाटी चोरीला जाऊ नये याची एवढी काळजी घेतलेली पाहून फार बरे वाटते.)

जुन्या प्रीमियर पद्मिनीचे दार गॅरेजमधला पोऱ्या स्टीलच्या पट्टीने उघडत असे हे खरे, पण त्यासाठी त्याला आपल्या गल्लीत यावे लागत असे, आणि आला की कोणी ना कोणी खिडकीतून विचारत असे, ‘काय रे, कोणाकडे?’ सर्व्हरला असले काही विचारणारे कोणी नसते.

घरच्यांना किल्ली वाटून टाकण्याची जी सोय आहे तिचा मुक्तहस्ताने लाभ घ्यावा. सौभाग्यवतींना एक, चिरंजीवांना एक, ड्रायव्हरकाकांना एक, आणि भाचा सुट्टीत आला असेल तर त्यालाही एक पाठवावी, आणि कोणाची परवानगी कधी संपते हे पाहण्याच्या फंदात पडू नये. ड्रायव्हरकाका नोकरी सोडून गेले, चिरंजीवांनी जुना हँडसेट विकून टाकला, तरी यादीतील नावे तशीच राहू द्यावीत. नाते असे एकदम तोडू नये. अ‍ॅपचा पासवर्ड नातवाच्या नावापुढे त्याचे जन्मसाल एवढाच ठेवावा, म्हणजे वाढदिवसाचे फोटो पाहणाऱ्या कोणालाही अडचणीच्या वेळी मदत करता येईल.

गाडी विकतानाही हाच उदारपणा ठेवावा. आयबीएमच्या सुरक्षा विभागातील चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की आपली जुनी गाडी विकल्यानंतर, नव्या मालकाच्या दारात ती उभी असतानाही, ती कुठे आहे हे आपल्याला फोनवर दिसत होते आणि ती उघडताही येत होती. जुनी किल्ली देऊन टाकली की विषय संपत असे. अ‍ॅपमधील नाव स्वतःहून काढावे लागते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने विक्रेत्याला याविषयी विचारणे म्हणजे भल्या माणसावर संशय घेणे होय, आणि मराठी माणूस आरसी बुक, विमा आणि पीयूसी पाहिल्यानंतर अधिक काही पाहत नाही.

बॅटरीची चिंता करणाऱ्यांसाठीही आशादायक बातमी आहे. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन चार्जिंगअभावी बंद पडल्यावरही त्यातील गाडीची किल्ली पाच तासांपर्यंत चालू शकते. आपला फोन दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो काय करतो हे ताम्हिणी घाटात, पावसात, मुले मागच्या सीटवरून नुकतीच धबधब्याकडे गेलेली असताना तपासून पाहावे. ब्लूटूथ आणि एनएफसी यांना नेटवर्क लागत नाही, पण अ‍ॅपवरून दुरून दार उघडायचे तर लागते, हा भेदही तिथेच नीट समजतो. गाडीबरोबर मिळालेले एनएफसीचे पातळ कार्ड अशा वेळी उपयोगी पडले असते, म्हणूनच ते घरी कपाटात, लॉकरच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलेले असावे. हॉटेलच्या दारात व्हॅले पार्किंगवाला हात पुढे करील, तेव्हा त्या हातावर आपला फोन ठेवावा, कुलूप उघडून.

एवढे करूनही गाडी कोणी नेलीच, तर गोंधळून जाऊ नये. विमा कंपनी चोरीचा दावा घेताना दोन्ही मूळ किल्ल्या मागते. तिथे आपण यादीतील चारही जणांना घेऊन जावे आणि प्रत्येकाने आपापला फोन काउंटरवर ठेवावा. त्याआधी पोलीस ठाण्यात ‘गाडीचे लोकेशन दिसते म्हणता, मग दाखवा की’ असे सांगितले जाईल, आणि तिथे थोडी पंचाईत होईल, कारण आपला फोन नेहमीप्रमाणे डॅशबोर्डवरच्या होल्डरमध्ये चार्जिंगला लावलेला होता. मेहुण्याच्या फोनवरून अ‍ॅप उघडता येते. त्यासाठी फक्त एक ओटीपी लागतो, आणि तो तत्परतेने आपल्या क्रमांकावर येतोच. गाडी चालवणाऱ्या सद्गृहस्थांना मेहुण्याच्या फोनवरून विनंती करावी, की तो दहा मिनिटांच्या आत वाचून दाखवावा.