क्रिएटिनिन ‘मर्यादेत’ आणि तरीही मूत्रपिंडविकार? ऐरोलीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या आधीच्या लिखाणावर आपले आक्षेप दोन आहेत. सत्तर वर्षांच्या आपल्या मातोश्रींचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे लॅबच्या रिपोर्टवरील मर्यादेत, असताना दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची शंका घेणे म्हणजे लोकांना घाबरवणे, हा पहिला. आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू केल्यावर तेच क्रिएटिनिन १.३ झाले, त्याअर्थी गोळीनेच किडनी बिघडवली, हा दुसरा. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकच आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणारे सूक्ष्म घटक, असतात आणि गेलेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. मधुमेहाने वा रक्तदाबाने काही निकामी झाले की उरलेले त्यांचा भार उचलतात. त्यांच्यातील ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ, मोठा होतो आणि त्यातील दाब वाढतो. त्यामुळेच जवळपास निम्मे कार्य जाईपर्यंत क्रिएटिनिन फारसे हलत नाही. मात्र हाच दाब गुच्छाच्या भिंतीला इजा करतो, अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत झिरपते, ते शोषून घेणाऱ्या नलिकांभोवती दाह होतो आणि अखेर तेथे तंतुमय ऊती साचते. (बायोप्सीत गुच्छांच्या अवस्थेपेक्षा ही तंतुमयताच पुढील वाटचालीचा अधिक चांगला अंदाज देते, रुग्णांना हे क्वचितच सांगितले जाते.) उरलेल्या नेफ्रॉनमधील वाढलेला दाबच त्यांना इजा करतो, ही मांडणी मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केली. मूळ कारण आटोक्यात आल्यावरही आजार पुढे सरकू शकतो, हे माझे विधान तिच्यावरच उभे आहे.

आता १.१ या आकड्याविषयी. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि तरुण पुरुषात स्नायू अधिक असतात, त्यामुळे तोच आकडा वय व लिंग धरून हिशेब करणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घातला तर पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज) सुमारे ९५ येतो आणि सत्तरीच्या स्त्रीचा सुमारे ५४. केवळ ईजीएफआरवरून निदान करायचे तर साठच्या खालचा आकडा किमान तीन महिने टिकावा लागतो, म्हणून मी ‘शंका’ हाच शब्द वापरला होता.

टेल्मिसार्टन गुच्छातून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करते. आतला दाब उतरतो, गाळण थोडे घटते आणि क्रिएटिनिन किंचित वाढते. ज्या दाबाने नेफ्रॉन झिजतात तोच येथे कमी झालेला असतो. सुमारे तीस टक्क्यांपर्यंतची आणि पुढे स्थिरावणारी वाढ सामान्यतः स्वीकारली जाते. आपल्या मातोश्रींची वाढ अठरा टक्के आहे. तीस टक्क्यांहून अधिक वाढ झाली किंवा रक्तातील पोटॅशियम चढले, तर मात्र डॉक्टरांना गोळीचा फेरविचार करावा लागतो. तेव्हा परस्पर गोळी बंद करण्याऐवजी क्रिएटिनिन व पोटॅशियम पुन्हा तपासून घ्यावे, आणि आपण पाठवलेल्या रिपोर्टमध्ये नसलेले लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही त्याच वेळी करून घ्यावे.