चार रकान्यांचं इंग्रजी

शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. असे चार रकाने आखलेली वही कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरलात तर टेबलाटेबलावर दिसेल. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडनं स्पर्धा परीक्षेसाठी येऊन इथं खोली घेऊन राहिलेली पोरं पहाटेपासून ती घोकत बसलेली असतात. त्यांच्या कष्टांबद्दल बोलायची माझी टाप नाही. पण मी इंग्रजी शिकवते, आणि माझं मत कुणाला आवडो न आवडो, या वहीनं इंग्रजी येत नाही.

मुळात दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मधे जे बरोबरचं चिन्ह आपण मनातल्या मनात घालतो, तेच खोटं आहे. मराठीत बघा. आजोबा वारले, गेले, त्यांना देवाज्ञा झाली. गल्लीतला छळवादी माणूस मात्र खपला, नाहीतर आटपला. अर्थ तोच, तरी दहाव्याच्या पत्रिकेत ‘आमचे वडील खपले’ असं कुणी छापेल का? हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, कानावर पडत गेलं. इंग्रजी तसं कानावर पडत नाही, म्हणून रकाना आला. मग ‘डाय’च्या पुढं ‘एक्स्पायर’ पाठ होतं आणि रजेच्या अर्जात ‘माय ग्रँडफादर एक्स्पायर्ड’ उतरतं. आजच्या रोजच्या इंग्रजीत एक्स्पायर होतो तो पासपोर्ट, लायसन्स, औषधाची बाटली. माणसासाठी तो शब्द जुन्या पुस्तकी वळणाचा. माणूस ‘डाइड’, आणि हळुवार सांगायचं असेल तर ‘पास्ड अवे’.

तांबडा काय आणि पांढरा काय, दोन्ही रस्सेच की! म्हणून पांढरा मागितल्यावर तांबडा वाढला तर कोल्हापुरात चालेल?

‘थ्रिफ्टी’ आणि ‘स्टिंजी’ एकाच ओळीत लिहिलेले मी कितीतरी वह्यांत बघितलेत. पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू. सासऱ्याला कुठला म्हणायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. ‘फेमस’च्या पुढं ‘नोटोरियस’ पाठ केलेल्या एका पोरानं निबंधात कोल्हापूर गुळासाठी नोटोरियस असल्याचं लिहिलं होतं. नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध. वाचून मी हसले खरी, पण दोष त्याचा नव्हता, वहीनं त्याला तसंच सांगितलं होतं. आणि नुसता शब्दाचा स्वभाव कळून भागत नाही, त्याची सोबतही कळावी लागते. चहा ‘स्ट्राँग’, इंजिन ‘पॉवरफुल’. अदलाबदल केली की इंग्रजाचा कान टवकारतो. गगनबावड्याचा पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’. याला व्याकरणाचा नियम नाही. तशी बोलायची पद्धत आहे, बस्स.

इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द साठले ते इतिहासामुळं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, विद्वानांकडं लॅटिन होतीच, आणि शेतात राबणारा आपली जुनी इंग्रजीच बोलत राहिला. ‘आस्क’ त्या जुन्या इंग्रजीतला, ‘क्वेश्चन’ फ्रेंचांकडून आलेला, ‘इंटरॉगेट’ थेट लॅटिनचा. मित्र आस्क करतो, पोलीस इंटरॉगेट करतात. हे आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. घर आपलं, सदन संस्कृत, हवेली अरबी-फारसीकडची. बंगल्याला ‘सदन’ अशी पाटी लावणारा माणूसही संध्याकाळी ‘चला, घरला जातो’ असंच म्हणतो.

पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानं १८५२ साली लंडनमध्ये ‘थिसॉरस’ छापला. आज तो समानार्थी शब्दांचा डबा म्हणून वापरला जातो, पण त्यानं शब्द कल्पनांच्या गटांनी मांडले होते, हेतू असा की ज्याच्या डोक्यात विचार आहे आणि नेमका शब्द सापडत नाही, त्याला शेजारचे सगळे शब्द एकत्र दिसावेत आणि त्यातला एक निवडता यावा. म्हणजे काम निवडायचं, कुठलाही उचलायचं नव्हे. गंमत अशी की प्रस्तावनेच्या तळटीपेत तो आपल्या अमरकोशाचा, म्हणजे अमरसिंहाच्या संस्कृत कोशाचा, उल्लेख करतो. कोलब्रुक या इंग्रजानं केलेलं इंग्रजी भाषांतर त्याच्या बघण्यात आलं होतं. एकाच वर्गात स्वर्ग, देव, दैत्य, अग्नी, वारा, वेग असं सगळं आलेलं बघून ती मांडणी त्याला विस्कळीत वाटली. अमरसिंहानं ते छंदात, पाठ करता यावं म्हणून बांधलं होतं, ही गोष्ट रॉजेनं जरा जमेस धरायला हवी होती असं माझं आपलं मत.

आता चौथा रकाना. ‘ओल्ड’च्या समोर काय लिहाल? माणूस असेल तर ‘यंग’, चप्पल असेल तर ‘न्यू’. ‘हार्ड’च्या समोर? पेपर असेल तर ‘ईझी’, गादी असेल तर ‘सॉफ्ट’. ‘लाइट’च्या समोर रंगाला ‘डार्क’ आणि पिशवीला ‘हेवी’. रकान्यात जागा एकाच शब्दाची. शिवाय सगळी उलटी माणसं एका जातीची नसतात तसे शब्दही नसतात. ‘डेड’ आणि ‘अलाइव्ह’ यांच्या मधे काही नाही, ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ यांच्या मधे ‘वॉर्म’ आणि ‘कूल’ बसलेत, आणि ‘बाय’-‘सेल’ हे तर एकाच व्यवहाराकडं दोन बाजूंनी बघणं. पुढं ‘इन’ लावला की शब्द उलटा होतो हाही एक लाडका नियम. पुणे-बंगळूर हायवेवर टँकरच्या मागं ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. तिथं तो नियम लावून कुणी विडी पेटवू नये. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ पेट घेणारं, असाच आहे.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच. जोडीजोडीनं पाठ केलेले शब्द डोक्यात एकमेकांत मिसळतात. थॉमस टिंकहॅम या संशोधकानं १९९३ साली प्रयोग करून दाखवलं की अर्थानं जवळचे नवे शब्द एकदम शिकवले तर ते संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा अवघड जातात. शब्द कसे शिकवावेत याचे अभ्यासक, न्यूझीलंडचे पॉल नेशन त्यामुळं सांगतात की विरुद्धार्थी जोडीतला एक आधी पक्का होऊ द्या, दुसरा मागाहून आणा. माझ्या वर्गात हे रोज दिसतं. ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं आणि ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं, हे दोन्ही एकाच दिवशी शिकलेली पोरं पुढं कायम कुणी कुणाला पैसे दिले याच्या घोळात असतात.

“मॅडम, मग करू काय ते सांगा की,” असं विचारतात. आधी कोश बदला. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. लाँगमन प्रकाशनाचा तसा कोश १९७८ मध्ये आला, त्यात अर्थ सांगायला साधारण २००० सोपे शब्दच वापरलेत, आणि शब्द वाक्यात दिसतो. वहीत शब्दाच्या पुढं ते वाक्य लिहा, कोशातलं नको, तुम्ही वाचलेल्या बातमीतलं. आठवड्यानं पान झाकून तेच वाक्य आठवा. उलटा रस्ताही भारी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतो. आपला रोजचा मराठी शब्द टाकायचा आणि त्याला किती इंग्रजी शब्द खर्चावे लागलेत ते बघायचं. १८५७ च्या आवृत्तीचं इंग्रजी जुनाट आहे, ते अर्जात उतरवू नका म्हणजे झालं.

परीक्षेचं म्हणाल, तर अमेरिकेत सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये गेले, पदवीनंतरच्या प्रवेशाच्या जीआरईतून २०११ मध्ये. आपल्याकडं सीडीएस (सैन्यातल्या अधिकारी भरतीची परीक्षा) आणि एसएससी (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) यांच्या पेपरात ते अजून आहेत, आणि मार्क सोडा असं मी कुणाच्या पोराला सांगणार नाही. पण जुने पेपर सोडवताना बरोबर पर्यायावर टिक करून पुढं पळू नका. उरलेले तीन तिथं का बसत नाहीत ते शेजारच्याला तोंडानं सांगा, मराठीत सांगितलं तरी चालतंय. वेळ लागतो, दिवसाला शंभर शब्द होत नाहीत. माझ्याकडं समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या यादीची पीडीएफ मागणाऱ्यांनी हे वाचलं असेल तर कमेंटमध्ये परत तीच मागू नये, ही विनंती.