चिनी वाचक अख्खी ओळ एका नजरेत वाचतो? नाही

वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय: 'चिनी अक्षरं म्हणजे चित्रं, म्हणून चिनी माणूस अख्खी ओळ एका नजरेत वाचतो. मुलांनाही तसंच शिकवा.' हे चूक आहे. त्यांची नजरही थांबत, उड्या मारतच जाते. थांबा साधारण पाव सेकंदाचा, उडी २-३ अक्षरांची. एका थांब्यात डावीकडचं १ आणि उजवीकडची ३-४ अक्षरं, एवढंच उपयोगी पडतं.

शब्द गाळले जातात, हे मात्र खरं. आपल्या 'चा-ची-चे'चं काम करणाऱ्या एकाक्षरी शब्दावर नजर अनेकदा थांबतच नाही. आधीच्या थांब्यावरूनच तो कळलेला असतो. दुसरीतल्या पोरांचं ओळीवरचं बोट कृपया यासाठी काढू नका.